खुर्चीशी अबोला

माझ्या धंद्यात गुप्तता पाळावी लागते. पहिल्याच भेटीत मी सांगते, "इथे बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही." समोरचा माणूस समजल्यासारखी मान डोलावतो आणि बाहेर थांबलेल्या सहा जणांना आत बोलावतो. सव्वीस वर्षं झाली मला संगमनेरात हे काम करून, पण मन मोकळं करायला एकटीच आलेली माणसं म्हटली तर बोटांवर मोजण्याइतकी. जीप भरून येतात. नवरा, बायको, साडू, शेजारी, आणि गाडी लावून झाली की ड्रायव्हरसुद्धा. एका घरच्या भांडणात तर खरं कारण त्या ड्रायव्हरनेच सांगितलं होतं.

तेव्हा पुढची हकिकत वाचून कुणी नाक मुरडू नये. ज्यांची ही हकिकत, त्या नानांनी मला लेखी परवानगी दिली आहे. परवानगी कसली, मागणीच. "दिवाळी अंकात आमचं येऊ द्या, फक्त गावाचं नाव टाकू नका," असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, "टाकलं तरी चालंल." मी टाकलेलं नाही.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण माझ्या सासरच्यांनाही ते अजून नीट कळलेलं नाही. गोळ्या देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. मी मानसशास्त्रज्ञ. माझ्याकडे गोळी नाही, सुई नाही, मशीन नाही. बियाण्यांच्या दुकानावर एक खोली, तीन खुर्च्या, एक टेबल आणि पाण्याचा जग. बोलायचं आणि ऐकायचं, एवढंच. "नुसतं बोलायचं? मग ते तर आमी पारावर बी बोलतो," असं मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. एका आजींनी तर जाताना दंड पुढे केला होता. म्हणाल्या, "एवढ्या लांबून आले, एक सुई तरी टोच गं बाई."

पण बोलण्याच्याही पद्धती असतात, जशा नांगरटीच्या असतात. कुठे नुसतं ऐकायचं. कुठे माणसाचे विचार तपासायला लावायचे. कुठे नाटकासारखं काही करून घ्यायचं. कुणाला काय लागू पडेल हे ओळखण्यातच कसब. ते मला आहे असा माझा गर्व होता. तो नानांनी उतरवला.

नाना, वय वर्षं एकसष्ट. दूध संकलन केंद्रावर फॅट तपासण्यात त्यांचा जन्म गेला. गवळ्याने कॅन ठेवला की नुसत्या रंगावरून ते पाणी ओळखत, असं त्यांची बायको कुसुमकाकू मला अभिमानाने सांगत. रात्री झोप नाही आणि छातीत धडधड, म्हणून आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पट्टी काढली, हृदय ठणठणीत निघालं, आणि त्यांनी माझ्याकडे पाठवलं. नाना सात जण घेऊन आले. सातही जणांना मी खाली बियाण्यांच्या दुकानात बसवलं.

मी एक प्रश्न सगळ्यांना विचारते. मनाला आज किती त्रास आहे, शून्य ते दहामध्ये सांगा. नाना विचार करून म्हणाले, "साडेतीन, साडेआठ."

"एकच आकडा सांगा नाना."

"एका आकड्यात दूध कळत न्हाई मॅडम. फॅट साडेतीन, बाकीचा ऐवज साडेआठ. म्हंजे गाईचं, पास होण्यापुरतं."

मी वहीत तसंच लिहून घेतलं. पुढे आमचा हिशेब त्याच मापात चालला.

धडधडीचं कारण काढायला मला वेळ लागला नाही. भिंतीला भिंत लावून धाकटा भाऊ राहतो, अप्पा. दोघांचा अकरा वर्षं अबोला. आणि अप्पाच्या मुलीचं, सोनीचं, वीस दिवसांवर लग्न. सोनीला नानांनी सायकलवर पुढच्या दांडीला बसवून शाळेत पोचवलेलं. मांडव अप्पाच्या अंगणात पडणार, म्हणजे नानांच्या भिंतीपासून दहा पावलांवर. सगळ्या भावकीत पत्रिका गेल्या. पण आमच्याकडे सख्ख्या भावाला पत्रिका कुणाच्या हाती धाडत नाहीत. स्वतः उंबऱ्यापाशी जाऊन, कुंकू लावून, "लग्नाला या," असं तोंडाने म्हणावं लागतं. अप्पाने यावं तर बोलावं लागणार, आणि नानांनी आपण होऊन जावं तर बोलावलेलं नाही.

"मंगलाष्टका मला भोंग्यावर ऐकू येतील," नाना म्हणाले, "आन मी भिंतीच्या आल्याड बसून घरात अक्षता टाकू?" एवढं बोलून त्यांनी पाण्याचा जग उचलला आणि पेला बाजूला असताना जगालाच तोंड लावलं.

अबोल्याचं कारण विचारलं. बांध असेल, पाणी असेल, असं मला वाटलं होतं. कारण निघालं शिडी.

वडील गेल्यावर वाटण्या झाल्या. जमीन वाटली, भांडी वाटली, पाटा एकाला आणि वरवंटा दुसऱ्याला गेला म्हणून शेवटी दोघांनी मिक्सर घेतले. शिडी काही वाटता येईना. अर्धी शिडी घेऊन करायचं काय? म्हणून ती सामाईक राहिली, भिंतीला टेकून. मग एका दुपारी नाना डिशचा कोन फिरवायला स्लॅबवर चढले. घराला जिना नाही, पुढे बांधू म्हणून राहिलेला. ते वर असताना अप्पाने शिडी नेली, शेवग्याच्या शेंगा काढायला. नाना अडीच तास स्लॅबवर. कुसुमकाकू आठवडी बाजाराला गेलेल्या. रस्त्याने जाणारे येणारे वर बघत, "काय नाना, काय करताय?" विचारत, आणि नाना म्हणत, "काय न्हाई, हवा खातोय." काकू आल्या तेव्हा नानांच्या टकलाची साल निघालेली. त्या दिवसापासून अबोला. टीव्हीवर तेव्हापासून मुंग्याच दिसतात, कारण पुन्हा वर कोण चढणार.

मला हसू आलं ते मी खोकल्यात घालवलं. आमच्या शिक्षणात याला काही नाव नाही, पण सगळे करतात.

मी पहिली पद्धत धरली, ऐकण्याची. यात सल्ला द्यायचा नसतो. माणूस जे बोलतो त्यातली भावना आपल्या शब्दांत त्याला परत द्यायची, आरसा धरल्यासारखी. मग तो स्वतःच स्वतःला पाहतो.

"लई राग आला मला," नाना म्हणाले.

"तुम्हाला फार संताप वाटला."

"व्हय. तेच म्हनलो."

"आणि तुम्हाला वाटतं की मी ते समजून घेतलेलं नाही."

नानांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागले. तासाभराने खाली उतरताना ते काकूंना सांगत होते ते मला जिन्यात ऐकू आलं. "बाई चांगल्या हायत, पन ऐकायला कमी येतं. समदं दोनदा बोलावं लागतं."

दुसऱ्या भेटीला मी पद्धत बदलली. विचार तपासण्याची पद्धत. माणसाला एक वही द्यायची. मनात त्रास देणारा विचार लिहायचा, मग त्या विचाराच्या बाजूने काय पुरावा आहे, विरुद्ध काय पुरावा आहे, हे दोन रकान्यांत लिहायचं. बहुतेक वेळा विरुद्ध बाजू भरायला लागली की विचाराची धार कमी होते. ही पद्धत मी शेकडो वेळा वापरली आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे.

नाना आठवड्याने वही घेऊन आले. दूध केंद्रावरच्यासारखं रजिस्टर आखलेलं, सकाळचं सत्र, संध्याकाळचं सत्र, चौकटीखाली चौकट. विचार: 'अप्पाने शिडी मुद्दाम नेली.' बाजूने पुरावा: पान उलटावे. मी पान उलटलं. तो पंचनामा होता. नानांनी अकरा वर्षांपूर्वीच्या शिडीचा पंचनामा केला होता, स्लॅबचं माप, शेवग्यापर्यंतचं अंतर, त्या दुपारी रस्त्याने गेलेल्या चौदा जणांच्या सह्या आणि एक अंगठा. त्यातला एक जण आता पुण्याला राहतो, त्याची सही मोबाईलवर मागवली होती.

"आणि विरुद्ध पुरावा?" मी विचारलं. त्या रकान्यात एकच शब्द होता. 'निरंक.'

"नाना, हा रकाना पण तुम्हीच भरायचा असतो."

"त्याच्या बाजूचा पुरावा मी का आनू? त्यानं आनावा."

लग्नाला सहा दिवस उरले होते. नानांची धडधड वाढली होती आणि तोंड उतरलं होतं. काकू एकट्या वर आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हे भिंतीला कान लावून बसत्यात. तिकडं मांडवाची मापं घेत्यात ते ऐकत्यात." त्या गेल्यावर मला माझाच राग आला. दोन पद्धती वापरून मी काय केलं होतं? गावातल्या चौदा माणसांना जुनं भांडण नव्याने आठवून दिलं होतं.

म्हणून तिसरी पद्धत काढली, रिकाम्या खुर्चीची. हिच्यात समोर एक रिकामी खुर्ची ठेवतात. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय तो माणूस त्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि मनातलं सगळं त्याला थेट बोलायचं. मग उठून त्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या बाजूने उत्तर द्यायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण याच खुर्चीसमोर मी धट्टीकट्टी माणसं हमसून रडताना पाहिली आहेत.

मी खुर्ची ठेवली. "नाना, इथे अप्पा बसलाय. बोला त्याच्याशी."

नानांनी खुर्चीकडे पाहिलं. उठले, खुर्चीचं तोंड भिंतीकडे फिरवलं, परत येऊन बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, त्याला इचारा, शिडी का नेलीस?"

"मला नाही, त्याला विचारा."

"आमचा अबोला हाय."

"अहो नाना, ती खुर्ची आहे!"

"असंल. अकरा वरसं पाळलाय मॅडम, आता खुर्चीपायी मोडू व्हय?"

आता सांगते, अबोल्याचे नियम मला माहीत नाहीत असं नाही. आमच्याही घरी, "तुझ्या बाबांना सांग, जेवण वाढलंय," असं बाबा समोर बसलेले असताना माझ्या मुलीने वर्षानुवर्षं पोचवलं आहे. मुलगी नोकरीला गेल्यावर आम्ही दोघं काही दिवस दूधवाल्यामार्फत बोललो. पण खुर्चीशी अबोला हे मी प्रथमच पाहत होते. माझ्या पुस्तकांत यावर काही लिहिलेलं नाही. मध्ये पडायचं नाही, निरोप्या व्हायचं नाही, एवढं मात्र ठळक लिहिलं आहे.

लग्नाला सहा दिवस होते. मी निरोप्या झाले.

खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती, म्हणून मी उठून तिच्या पुढ्यात, भिंत आणि खुर्ची यांच्या फटीत उभी राहिले आणि वाकून म्हणाले, "अप्पा, नाना विचारतात, शिडी का नेलीस?" त्याच वेळी दार ढकलून एक गृहस्थ आत आले. त्यांना खालच्या दुकानात कांद्याचं बी हवं होतं आणि ते चुकून वर आले होते. त्यांनी कोपऱ्यात रिकाम्या खुर्चीला वाकून प्रश्न विचारणारी मी पाहिली, आणि गंभीरपणे उत्तराची वाट बघणारे नाना पाहिले. "चालू द्या, चालू द्या," असं पुटपुटत ते उलट्या पावली गेले. बी त्यांनी दुसरीकडून घेतलं असं दुकानदार मला नंतर जरा घुश्शात म्हणाला.

"आता त्या खुर्चीत तुम्ही बसा," मी नानांना म्हटलं. "तुम्ही आता अप्पा. द्या उत्तर."

नाना बसले. आणि काय झालं कुणास ठाऊक, त्यांचे खांदे खाली आले, एक पाय दुसऱ्या पायावर चढला, डावा तळवा उघडून ते उजव्या अंगठ्याने नसलेली तंबाखू मळायला लागले. नाना तंबाखू खात नाहीत. आवाजही बदलला. आणि अबोला तिकडूनही चालूच होता.

"मॅडम, त्याला सांगा," ते अप्पा होऊन म्हणाले, "शिडी नेली तवा मला ठावं नव्हतं तो वर हाय. शेवग्यावर चढलो तवा दिसला. बसला हुता, माझ्याकडंच बघत. म्या वाट बघितली. म्हनलं आता हाक मारंल, मग मारंल. त्यानं तोंड फिरवलं. थोरला हाय ना तो. हाक मारली अस्ती तर पळत आनली अस्ती शिडी."

तंबाखू मळणारा अंगठा थांबला. नानांनी चढवलेला पाय खाली घेतला. मी आरसा धरला नाही, वही उघडली नाही. तेवढं एक तरी मी त्या दिवशी बरोबर केलं.

"मी त्याला कधीच हाक मारली न्हाई," ते स्वतःच्या आवाजात म्हणाले. "ल्हानपनापास्नं तोच मारायचा. नाना, नाना. वडील गेले तवा बी मीच समदं बघितलं. थोरल्यानं कुनाला काय मागायचं?"

"आज किती, नाना?"

"फॅट एक. पानी घातलंय, मॅडम. मीच घातलंय."

मी तोही आकडा वहीत लिहिला. निघताना मी त्यांना गृहपाठ दिला, "या दोन दिवसांत अप्पाला एक हाक मारायची." म्हणजे फोन करा, दारातून आवाज द्या, असं माझ्या मनात होतं. ते मी फोडून सांगितलं नाही. ज्या माणसाने पुरावा म्हटल्यावर पंचनामा आणला, त्याला मी असा मोघम गृहपाठ दिला, ही चूक माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला काकूंचा फोन. "मॅडम, तुमी ह्यांना स्लॅबवर चढायला सांगितलं का? वर गेल्यात, आन मला म्हनले शिडी काढ आन अप्पाच्या बाजूला नेऊन लाव. म्हनले मॅडमनी गृहपाठ दिलाय. तासभर झाला, बसल्यात उन्हात. तोंडातनं हाक निघंना आन खाली बी उतरंनात!"

वैशाखातलं ऊन, एकसष्ट वर्षांचा माणूस, आणि त्याला वर चढवणारी मी. रुग्णाच्या घरी जायचं नाही हा आमचा आणखी एक नियम. दुकानदाराच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तो नियम प्रवरेच्या पुलावर सोडला.

पोचले तो अर्धं गाव जमलेलं. पंचनाम्यातले बहुतेक पंच हजर होते. स्लॅबवर डिशच्या शेजारी नाना, डोक्यावर पंचा, तोंड लालबुंद. भिंतीपलीकडे अप्पा मांडवाचे खांब ठोकत होते. मी अप्पांना पहिल्यांदाच पाहिलं, तरी खुर्चीत पाहिलेल्या त्या पडलेल्या खांद्यांवरून लगेच ओळखलं. एका खांबाला ते इतका वेळ ठोकत होते की तो कमरेइतका उरला होता. शिडी त्यांच्या बाजूला, हाताच्या अंतरावर. वर मात्र ते बघत नव्हते.

लोक सल्ले देत होते. मीही दिला. "नाना, दीर्घ श्वास घ्या!" मी खालून ओरडले. वरून नानांनी मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं.

"मॅडम, आलात! त्याला सांगा—"

"ऐकू येत नाही!" मी कानामागे हात धरून म्हणाले.

"त्याला सांगा, शिडी—"

"मला कमी ऐकू येतं नाना! तुम्हीच सांगितलंय सगळ्यांना!"

नानांनी खालच्या गर्दीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि मग अंगणातल्या मांडवाकडे. ते उठून उभे राहिले. आवाज निघाला तो फाटका निघाला.

"अप्पाऽऽ! अप्पा, शिडी आन रं!"

ठोकणं थांबलं. अप्पांनी हातोडा खाली ठेवला. वर न बघता माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याला म्हनावं, हाय तिथंच थांब." मग ते पळाले. अक्षरशः पळाले, साठीला टेकलेला माणूस, शिडी खांद्यावर घेऊन भिंतीला वळसा घालून. शिडी लावली, दोन्ही हातांनी घट्ट धरली. नाना एकेक पायरी उतरायला लागले. खालून तिसऱ्या पायरीवर आले तेव्हा अप्पा बोलले.

"हळू, नाना. खालची पायरी मोडकी हाय."

"मग अकरा वरसं नीट का न्हाई केली?"

"तू बोललास व्हय कधी?"

लोक हसले. नानांचा पाय जमिनीला लागला आणि ते भिंतीला धरून उभे राहिले. काकूंनी पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला. अप्पांनी एक हात शिडीवरच ठेवला आणि दुसऱ्या हाताने बंडीच्या खिशातून एक पत्रिका काढली. घामाने मऊ पडलेली, कडा मुडपलेल्या. निमंत्रकांच्या यादीत पहिलं नाव नानांचं होतं.

"छापून म्हैना झाला," अप्पा म्हणाले. "रोज खिशात घालतो. रोज दारापतुर येतो आन माघारी जातो. त्या दिवशी शेवग्यावरनं बी बघितलंच हुतं तुला. हाक मारली अस्तीस तर तवाच आनली अस्ती."

हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. खुर्चीतलं बोलणं खोलीबाहेर गेलं नव्हतं, ही गुप्तता तरी मी पाळली होती. तरी बोलणं तेच निघालं. मला वाटलं, लाज वाटली म्हणा, की माझ्या पद्धती धरून बसण्याच्या नादात किती माणसं माझ्या खोलीतून हाक न मारताच जिना उतरून गेली असतील.

नाना पत्रिका लांब धरून, चष्म्याशिवाय, आपलंच नाव पुन्हा पुन्हा वाचत होते.

"आज किती, नाना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी वर पाहिलं. शिडीवर आता कुणीच नव्हतं, तरी अप्पांनी ती अजून घट्ट धरलेलीच होती.

"म्हशीचं, मॅडम," नाना पंच्याने डोळे पुसत म्हणाले. "बिनपान्याचं."